वस्तीला की मदतीला

"वस्तीला की मदतीला?"

वैष्णवीनं हे विचारलं तेव्हा तिच्या दोन्ही हातांत अगदी हनुवटीपर्यंत रचलेल्या चटया होत्या. त्या चटयांच्या वरून समोरच्या माणसाचे तिला फक्त केस आणि डोळे दिसत होते. केस वाऱ्यानं पार विस्कटलेले... डोळे मात्र शांत. भरती पूर्ण चढल्यावर खाडीचं पाणी क्षणभर थांबतं ना, तसे.

ती निवाऱ्याची पहिलीच संध्याकाळ होती. सालवडच्या रस्त्यावरचं एक बंद पडलेलं मंगल कार्यालय माईंच्या संस्थेनं चालवायला घेतलं होतं – बोईसरमध्ये ज्यांना रात्री पाठ टेकायला जागा नाही, त्यांच्यासाठी. संध्याकाळी फाटक उघडायचं, दहाला लावायचं, सकाळी चहा देऊन सगळ्यांना निरोप द्यायचा. वैष्णवी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, पण गेले कित्येक महिने तिचा जीव या हॉलमध्येच अडकला होता. बाबांची वाडी मोजायची टेप आणून तिनं हॉलची फरशी मोजली होती. दोन चटयांत किती अंतर, पडदे कुठून कुठवर, बादल्या किती – सगळं तिनं ठरवलेलं. फक्त दोन दारांवरच्या पाट्या तिनं काढू दिल्या नव्हत्या. एका दारावर 'वधूपक्ष', दुसऱ्यावर 'वरपक्ष'. बायका इकडे, पुरुष तिकडे – नव्या पाट्या कशाला रंगवायच्या?

आता 'वस्तीला' हा शब्द तिच्या घरचा. तारापूरच्या अलीकडे त्यांची चिकूची वाडी, आणि तिकडे पाहुणा रात्रीचा राहिला की तो वस्तीला आला असं म्हणायची पद्धत. म्हणून फाटकाशी येणाऱ्या प्रत्येकाला ती अगदी घरच्या अगत्यानं विचारत होती, वस्तीला ना? तर रांगेतला एक कामगार गोंधळून म्हणाला होता की बस्ती में नहीं दीदी, यहीं सोना है... आणि सगळी रांग हसली होती. वैष्णवीचे कान अजून लालच होते. त्यात ह्या विस्कटलेल्या केसांच्या मुलानं उत्तर द्यायला इतका वेळ लावला, की वरची चटई घसरायला लागली.

"नाय..." तो म्हणाला. चटई त्यानं वरच्यावर झेलली. "मदतीला."

मग दुसरी झेलली, मग तिसरी. मग सगळा ढीगच त्यानं तिच्या हातातून काढून घेतला आणि तेव्हा कुठे दोघांनी एकमेकांचे चेहरे नीट पाहिले.

त्याच्या मागे एक म्हातारी उभी होती. काशीबाई. पूर्वी बाजारात सुकी मासळी विकायची, आता डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. त्यानंच तिला हाताला धरून आणलं होतं. वैष्णवीला वाटलं, किती भला मुलगा. रस्त्यात म्हातारी दिसली, इथवर सोडायला आला आणि थांबलाही. त्याचं नाव सुजीत.

माई निवृत्त नर्स. आवाज मऊ, पण बोलणं सुईसारखं नेमकं टोचणारं. त्या संध्याकाळी त्यांनी दोघांना बाजूला घेऊन इथले नियम सांगितले. पाहुण्याला नाव विचारायचं, गाव विचारायचं नाही. आपल्याकडे ओळख झाली की पहिला प्रश्न गावाचा असतो, पण ज्याचं घर सुटलं त्याला तोच प्रश्न लागतो. पाहुणा कितीही लहान असो, त्याला अहो-जाहोच करायचं, बाहेर त्याला दिवसभर सगळे अरे-तुरे करत असतात. "आणि तुम्ही दोघं मात्र एकमेकांना अहो-जाहो करू नका, मला हसू येतं," असं म्हणून त्या खरंच हसल्या.

शेवटचा नियम सांगताना हसल्या नाहीत. इथे झोपणाऱ्याशी मदतनीसाचं खाजगी नातं नको. मैत्री नको, फोन नको, प्रेमबीम तर नकोच. ज्याच्या हातात अंथरूण असतं, त्याला कोणी नाही म्हणू शकत नाही, त्या म्हणाल्या.

वैष्णवीनं मान डोलावली. असल्या नियमाशी तिचा काय संबंध येणार होता?

सुजीत मात्र बराच वेळ खाली, फरशीकडे बघत होता.

*

मग रोज संध्याकाळ झाली की वैष्णवीला उगाचच आरशात बघावंसं वाटायला लागलं.

सुजीत एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात कंत्राटावर होता. कितीही हात धुतले तरी त्याच्या नखांच्या कडांना रंग राहायचा, आणि तो चटया घालायला वाकला की वैष्णवी आधी नखंच बघायची. आज निळा. आज पिवळा. एकदा ती म्हणाली की कारखान्यात काय शिजतंय ते तुझ्या नखांवरून सगळ्या बोईसरला कळेल, तर दुसऱ्या दिवशी स्वारी आली आणि दोन्ही पंजे तिच्यासमोर पसरून उभी राहिली. गुलाबी.

"तुझ्यासाठी मागून घेतला," तो म्हणाला. "सायबाला सांगितलं, आज गुलाबीच बनवू."

"खोटारडा."

"एवढ्यापुरता."

ती हसली. तो नाही हसला... म्हणजे हसला, पण जरा उशिरानं.

आणि त्या पाट्या. तो पुरुषांच्या बाजूला पाणी भरायचा, ती बायकांच्या. कधी त्याला यायला वेळ झाला की वैष्णवी कमरेवर हात ठेवून विचारायची की आज वरपक्षाला उशीर का. वरपक्ष उशिराच येतो, तो म्हणायचा, वधूपक्षानं तोवर पाणी तापवून ठेवायचं असतं. पडद्याआड बायका फिदीफिदी हसायच्या. काशीबाई मात्र हसायची नाही. आंधळ्यासारखे डोळे त्याच्या आवाजाकडे लावून बसून राहायची.

वैष्णवीला त्याच्याबद्दल सगळं जाणून घ्यायचं होतं. आईला काय हाक मारतो, झोपताना उशी घेतो की नाही, असलंच काहीबाही. बादल्या घासता घासता तिनं एकदा धीर करून विचारलं.

"गाव कोणतं रे तुझं?"

"नियम मोडतेस. माईंना सांगू?"

"नियम पाहुण्यांसाठी आहे."

"मग मला पाहुणाच समज."

"मग तुला अहो-जाहो करावं लागेल."

"मग नको," तो म्हणाला. इतक्या पटकन, इतक्या हळू – की वैष्णवीच्या हातातली घासणी तशीच थांबली. नळ वाहत राहिला, आणि तो बंद करायला दोघांचेही हात एकदमच पुढे झाले.

त्या रात्री घरी जाताना रिक्षात ती एकटीच हसत होती. मग नको... मग नको... साधे दोन शब्द, पण तिनं ते किती वेळा मनात म्हणून पाहिले.

दहाला फाटक लागलं की तो रस्त्यापर्यंत सोडायला यायचा, तिची रिक्षा निघाली की हात हलवायचा. आपल्यामागे तो कुठे जातो, हे तिला कधी दिसलं नाही. रिक्षा त्याच्या उलट्या बाजूला वळायची.

*

पावसाळा चांगलाच लागला होता. शेतं भरली, रस्ते फुटले, चटया वाळेनात. हॉलभर ओल्या कपड्यांचा वास. सुजीतला खोकला झाला. आधी साधा, मग असा की हातातली बादली त्याला खाली ठेवावी लागायची. वैष्णवी रोज त्याला ओरडायची. आईला काढा करायला सांग, घरी गेल्यावर डोकं पूस, रात्री पांघरूण घे.

एका संध्याकाळी ती असंच बडबडत काशीबाईची चटई झटकत होती, की ह्या मुलाला त्याची आई काही बोलत कशी नाही. काशीबाईनं तिचं मनगट धरलं.

"कोनाची आय, पोरी? त्याची आय डहाणूला लेकीकडं हाय. घर दर्यानं खाल्लं त्यांचं, मागच्या पावसात."

वैष्णवीला आधी कळलंच नाही. मग सुजीत कुठे राहतो, तिनं विचारलं.

"पुलाखाली," काशीबाई म्हणाली. "मी पन तिथंच होते की. तो राती जागा राहायचा म्हनून आमी बायका झोपायच्यो. त्या दिशी त्यानंच सांगितलं, काशीआय, सालवडला जागा झालीय, आपुन दोघं जाऊ. आपुन दोघं म्हनला. अन् हितं आलो तर हा चटया धरून तुझ्याबरोबर उभा." तिनं पदरानं डोळे पुसले. "सोताची शपथ घातली त्यानं, बोलू नको म्हनून. पन आता मोडते. तो खोकला मी वळखते. माझा घरवाला असाच खोकत गेला."

पडदा वाऱ्यानं हलत होता. पलीकडे सुजीत कोणाला तरी हसत सांगत होता की काका, भिंतीकडची जागा घ्या, तिथं गळत नाय.

वैष्णवी तशीच माईंकडे गेली. ती रडत रडतच बोलली, आणि बोलता बोलता तोडगाही काढला – मीच यायचं बंद करते. मी इथे नसले की नियमही नाही. तो आत झोपेल, आणि आम्ही...

माईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. मग विचारलं की तू गेल्यावर बायकांच्या बाजूला कोण. माई एकट्या, दोन दारं, दोन बाजू. फाटक लागेपर्यंत बायकांच्या बाजूला वेगळं बाईमाणूस नसेल तर बायकांना घ्यायचं नाही, या अटीवर तर हे सुरू झालं होतं. तू गेलीस तर वधूपक्ष बंद करावा लागेल, त्या म्हणाल्या. काशीबाईला तू सांगशील का तसं?

वैष्णवीनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"नियम मी त्याच्यासाठी मोडला असता गं," माई हळूच म्हणाल्या. "पण मग तो तुला कधीच नाही म्हणू शकला नसता. आणि हो म्हणाला तरी ते खरं की काय, हे तुला कधी कळलं नसतं."

*

फाटक लावायची वेळ होत आली होती. पाऊस नुसता कोसळत नव्हता, तिरका येऊन झोडपत होता. वैष्णवी छत्री घेऊन फाटकाबाहेर जाऊन थांबली. सुजीत नेहमीसारखा बाहेर आला, तिची रिक्षा बघायला लागला. रिक्षा तिनं बोलावलीच नव्हती.

"कुठे जातोस?" तिनं विचारलं.

"गाव विचारायचं नाय..."

"गाव नाही विचारत. झोपायला कुठे जातोस?"

छत्रीच्या काठावरून पाणी त्याच्या खांद्यावर पडत होतं. तिनं छत्री पुढे केली, तो मागे सरकला.

मग त्यानं सांगितलं, तुटक तुटक. घर गेलं तेव्हा तो बोईसरला आला. सालवडच्या एका चाळीत पाळीची खाट मिळाली होती. त्या खाटेवर रात्री एक जण झोपायचा आणि दिवसा हा, कारण ह्याची रात्रपाळी. मग कारखान्यानं रात्रपाळी बंद करून ह्याला दिवसपाळीला घेतलं. काम राहिलं... पण खाट गेली. दिवसाची खाट रात्री दुसऱ्याची. एकट्या, कंत्राटावरच्या पोराला खोली द्यायला कोणी तयार होईना. असं, इतकं साधं.

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

"चटया घसरत होत्या तुझ्या," तो म्हणाला. "म्हटलं, आधी ह्या धरू, मग सांगू. मग तू म्हणालीस, ए सुजीत, पंखा लाव ना. तू मला ए म्हणालीस. आमच्या घरी सोडून मला कोणी असं..." त्याला खोकला आला. बराच वेळ थांबला नाही. "आणि मग माईंनी तो नियम सांगितला. मला तेव्हाच कळलं. आत झोपलो तर तू मला तुम्ही म्हणशील, माझ्याकडे बघशील ते सगळ्यांकडे बघतेस तसं. चांगलंच बघतेस तू सगळ्यांकडे. पण मला तेवढं नको होतं."

"म्हणून पुलाखाली झोपलास? पावसात?"

"पावसाचं काय... आमी दर्यावरची माणसं."

तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. हात भाजावा तसं कपाळ. आजवर त्या दोघांनी एकमेकांना कधी स्पर्श केला नव्हता, नळाशी थोडासा झाला तेवढाच – आणि पहिला स्पर्श असा तापाचा. तिच्या मनात आलं, ह्याला वाडीवर न्यावं, चिकू भरायच्या शेडमध्ये तरी. पण कोण म्हणून न्यायचं? आणि तो आला असता? तिला उत्तर माहीत होतं.

"आत चल, सुजीत."

"आत आलो की संपलं, वैष्णवी."

"हो," ती म्हणाली. "माहितेय मला. तरी चल."

तो तिच्याकडे बघत राहिला. मागे फाटकावरचा दिवा आणि त्यात चमकणाऱ्या पावसाच्या रेघा... असल्या वेळी खरं तर दुसरंच काहीतरी व्हायचं असतं.

"मग इथंच बोलू दे," तो म्हणाला. "अजून बाहेर हाय मी. मला तू आवडतेस. चटयांच्या वरून नुसते डोळे दिसत होते तेव्हापासून. आता तू बोल. नाय म्हणायचं असेल तर नाय म्हण... पण मला तू म्हणून बोल."

"तू मला आवडतोस," वैष्णवी म्हणाली. "तू. तू. तू..." त्यानं तिची छत्री सरळ धरली, दोन्ही हातांनी, ती भिजू नये म्हणून. स्वतः बाहेरच राहिला.

मग ती आत गेली. फाटकाच्या आत उभी राहिली, ओढणीनं तोंड पुसलं, ताठ झाली. माई दारात उभ्या होत्या.

"या," वैष्णवी म्हणाली. "नाव काय तुमचं?"

"सुजीत."

"आत या. तुम्ही... भिंतीकडची जागा घ्या, तिथे गळत नाही."

इथल्या प्रत्येक पुरुषाला ती दादा म्हणायची. तो शब्द मात्र तिच्या तोंडून निघेना. माईंनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. सुजीत वाकून चप्पल काढत, 'वरपक्ष' लिहिलेल्या दारातून आत गेला.

*

माईंनी त्याला डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या वेळच्या वेळी दिल्या. खोकला हळूहळू उतरला. रंग चढला त्याच्या अंगाला. आणि वैष्णवीनं रोज त्याला विचारलं, पाणी हवंय का तुम्हाला, चहा झाला का तुमचा. तोही पाहुण्यासारखा हो, नको म्हणाला. त्याची नखं कोणत्या रंगाची आहेत, ते ती बघायची नाही. म्हणजे बघायची... पण बोलायची नाही. बायका आता पडद्याआड हसत नव्हत्या. काशीबाई एकदा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली की मी तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं का गं. वैष्णवी म्हणाली, नाही काशीआजी. मग तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडली.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात जायला लागल्या. त्याच्या मामाच्या ओळखीनं सुजीतला गुजरातच्या एका बंदरावर बोटीत काम मिळालं, पूर्ण हंगामाचं. बोटीवर खलाशाला पाठ टेकायला स्वतःची फळी असते, त्यानं माईंना सांगितलं. स्वतःची. ते सांगताना त्याचा चेहरा उजळला होता, आणि वैष्णवीला आनंदच झाला. खरंच झाला. त्यानंतर तिनं दोन बादल्या उगाचच घासल्या.

निघायच्या सकाळी ती मुद्दाम लवकर आली. इतरांसारखाच त्यालाही चहा दिला. रस्त्यावर टेम्पो थांबला होता, आत बरीच पोरं, पेट्या, गाठोडी. सुजीत फाटकाबाहेर गेला आणि वळला.

"पाय टेकायला माझं काही झालं की येईन," तो म्हणाला. "तोवर वाट नको बघूस. बघितलीस तर मला दर्यावर कळेल."

"कसं कळेल?"

"जाळं ओढताना हात जड होतील."

टेम्पोतून कोणीतरी हाक मारली. ती काही बोलायच्या आत तो चढला. तिनं हात हलवला. ह्या वेळी तीच मागे राहिली होती, आणि तो कुठे जातोय ते तिला दिसत होतं, वळणापर्यंत.

मग ती आत आली. पुरुषांची बाजू रिकामी झालेली. चटया गोळा करून गच्चीवर टाकायच्या होत्या. भिंतीकडची त्याची चटई तिनं उचलायला घेतली... आणि उचलण्याऐवजी तिच्यावर जाऊन आडवी झाली. तसं काही ठरवून नाही. पाय दुखत होते, एवढंच.

हॉलचं माप तिनं घेतलं होतं, पडदे तिनं शिवून घेतले होते, पण या फरशीवर ती आजवर कधी पाठ टेकून झोपली नव्हती. वर बघितलं, आणि तिचे डोळे मिटलेच. बरोबर वर ट्यूब होती. भांडण नको, चोरी नको म्हणून रात्रभर एक दिवा चालू ठेवायचा हे तिनंच ठरवलं होतं, आणि जागाही तिनंच दाखवली होती, भिंतीच्या बरोबर मध्ये सुंदर दिसते म्हणून. सकाळी बंद करायची ती आज राहून गेली होती. ती पांढरी, टोचरी ट्यूब सरळ तिच्या डोळ्यांत येत होती. तिनं नकळत कोपर डोळ्यांवर घेतलं... आणि तिला आठवलं.

तो असाच झोपायचा. पडदा सरकवताना तिला रोज दिसायचा, कोपरानं डोळे झाकलेला. तिला वाटायचं, आपल्यापासून तोंड लपवतो. नाही तर रडत असेल. त्या दिव्याबद्दल तो एक शब्द बोलला नव्हता. भिंतीकडचे काका बोलले नव्हते, कोणीच बोललं नव्हतं. जागा मिळालीय, वर आणखी अंधार कशाला मागायचा... पाहुणे असेच असतात.

"वैष्णवी? काय झालं गं?" माई दारातून विचारत होत्या.

"माई," ती कोपराखालून म्हणाली, "ही ट्यूब काढायची. दाराच्या वर, खाली तोंड करून लावू. आजच्या आज. वायरमनला फोन करता का?"

माई हो म्हणाल्या आणि गेल्या. वैष्णवी तशीच पडून राहिली. कोपर डोळ्यांवर, बाही हळूहळू ओली होत चाललेली. मग उठली, बटण बंद केलं, आणि शेजारच्या चटईवर जाऊन आडवी झाली – तिथून वर काय दिसतं ते बघायला. मग तिच्याही शेजारच्या. तशी एकेक करत, सगळ्या हॉलभर.